इरपण्णाचं पितळी भिंग

मुरुम गावात इरपण्णावर कुणाचा विश्वास नव्हता, आणि इरपण्णाचा मुरुमातल्या कुणावर नव्हता. माझा तर दोघांवरही नव्हता. मी तिथल्या डाकखान्यात कारकून होतो. टपालात दोन-तीन वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. बंद पाकीट हातात आलं की आत काय असेल ते वजनावरून आणि अक्षरावरून ताडायचं. पुढं पुढं माणसंही पाकिटासारखीच दिसायला लागतात. मी जे सांगणार आहे ते माझी ही खोड लक्षात ठेवूनच वाचावं.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. ती शेवटची आहेत हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की हवा बिघडली आहे. बाजारात दोन माणसं बोलत असली आणि तिसरा आला की पहिली दोघं तुरीच्या भावावर बोलायला लागत. अशा दिवसांत फोटो काढणाऱ्या माणसाकडं लोक कसे बघत असतील ते सांगायला नको.

इरपण्णाचं दुकान पेठेच्या टोकाला होतं, जिथून कानडी मुलुखाकडं वाट जाते. माणूस उंच, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, आणि धोतराच्या वर कमरेला एक भलामोठा फुगवटा. नवख्याला वाटायचं, याला अंतर्गळ आहे. एका वैदूनं तर त्याला भर बाजारात औषध देऊ केलं होतं. तो फुगवटा म्हणजे त्याच्या कॅमेऱ्याचं भिंग. काम झालं की तो ते पेटीवरून पिरगाळून काढायचा, लोकरी मफलरीत गुंडाळायचा आणि कमरेला बांधायचा. जेवताना, झोपताना, देवळात जातानाही ते कमरेलाच. कॅमेऱ्याची लाकडी पेटी मात्र दुकानात उघडी पडलेली असे. "पेटी न्या की," तो म्हणायचा, "बिनडोळ्याची पेटी नेऊन काय करचाल?"

औषधांच्या बाटल्यांवर तो मुद्दाम खोट्या चिठ्ठ्या लावायचा, चोराला काही कळू नये म्हणून. फोटो पक्का करायच्या हायपोच्या बरणीवर 'उंदराचं औषध', दुसऱ्या कशावर 'एरंडेल'. एकदा त्याचं त्यालाच आठवेना आणि कुणाच्या तरी साखरपुड्याचा फोटो काळाठिक्कर निघाला. मग दिवसभर एकेक बाटली हुंगत बसला. कुणाच्या घरचा चहा प्यायचा नाही. चहाच काय, डोळ्यांदेखत शिजल्याशिवाय कसलंच काही तोंडात घालायचा नाही. सबंध गावात त्याला एकच खाणं चालायचं, ते भागाक्काचे फुटाणे. ते भट्टीवर, त्याच्या नजरेसमोर भाजले जायचे.

आणि फोटो काढायला आलेल्याची तर तो उलटतपासणीच घ्यायचा. फोटो कशाला पाहिजे? कुणाला देणार? तुम्हाला माझ्याकडं कुणी धाडलं? अर्धी गिऱ्हाइकं तिथूनच वैतागून परत जायची. उरलेल्यांना तो बसवायचा, मान स्वतःच्या हातानं सरळ करायचा आणि बजावायचा, "हसू न्हाय. हसलं की तोंड हलतंय." भिंगाचं टोपण काढून तो मनात आकडे म्हणायचा, आणि तेवढ्यात कुणी ओठ हलवले तर डोक्यावरचं काळं फडकं फेकून बाहेर यायचा. त्यानं काढलेल्या फोटोंत हसणारा माणूस मी एकही पाहिला नाही.

ते भिंग पाणी प्यायच्या लोटीएवढं होतं, पितळेचं, हाताळून हाताळून पिवळंधमक झालेलं. सोलापुरात एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडं इरपण्णानं बारा वर्षं काचा, म्हणजे तेव्हाच्या निगेटिव्ह, धुतल्या होत्या. भिंग तिथूनच आलं. म्हाताऱ्यानं दिलं की यानं उचललं, यावर गावात दोन तट होते. विचारलं तर म्हणायचा, "ज्याचं व्हतं त्यानं दिलं." एवढ्यावर कुणाचं समाधान व्हावं?

भिंगाची करामत वेगळीच होती. मधोमध जे असेल ते इतकं लख्ख उमटायचं की पापणीचे केस मोजावेत. मध्यापासून बाहेर सरकलं की सगळं मऊ व्हायला लागायचं, आणि माणसाच्या पाठीमागचं तर रवीनं घुसळलेल्या ताकासारखं त्याच्याभोवती गोल गोल फिरायचं. झाड, भिंत, वाट, काही ओळखू यायचं नाही. पानांतून ऊन येत असेल तर त्याचे चकचकीत गोल गोल ठिपके पडायचे. त्यांना इरपण्णा बताशे म्हणायचा. धुतलेली काच उजेडात धरून "आलं बगा बताशे!" म्हणताना त्याचा चेहरा जरा सैल व्हायचा. बाकी वेळ नाही.

उमरग्याच्या फोटोवाल्याकडं रंगवलेला पडदा होता. त्यावर जिना, खांब, तळं आणि तळ्यात बदक. तसा एक पडदा इरपण्णाकडंही होता, तो त्यानं कोळशाच्या ढिगावर झाकायला घेतला होता. गिऱ्हाइकाला तो मागच्या अंगणात न्यायचा, लिंबाच्या झाडापासून पंधरा पावलं पुढं उभं करायचा. "पाठ मोकळी पायजे," म्हणायचा. "मागचं लांब गेलं की फिरतंय. चिकटून उभारलात तर फिरत न्हाय."

पण गावाला फिरायला नको होतं. गावाला सगळं दिसायला हवं होतं. शरणप्पा अडत्यांनी नवीन दुकान बांधलं, दारावर मोठी पाटी लावली, आणि दुकानासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. फोटो आला त्यात शरणप्पांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता आणि दुकान वाहून गेलं होतं. शरणप्पा तो फोटो घेऊन तरातरा आले. मी तेव्हा तिथंच होतो.

"माझं दुकान कुठं हाय?"

"पेठंत," इरपण्णा म्हणाला.

"फोटोत कुठं हाय म्हणतोय मी! कुणी सांगितलं तुला पुसायला? त्या समोरच्या अडत्यानं?"

इरपण्णानं कोनाड्यातून एक पितळी चकती काढली. भिंगाला मधोमध एक फट होती, तिच्यात ही भोकाची चकती सरकवायची. भोक जितकं बारीक तितकं पुढचं-मागचं सगळं स्पष्ट. म्हणजे सगळं दाखवणं त्याला येत होतं. तो दाखवत नव्हता, एवढंच. त्यानं शरणप्पांना पुन्हा दुकानासमोर उभं केलं आणि चकती घालून फोटो काढला. बारीक भोकाला वेळ लागतो. शरणप्पा घामाघूम होईपर्यंत पुतळ्यासारखे उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. पाटी अक्षर न् अक्षर वाचता येत होती. पोती दिसत होती, पोत्यांना उंदरानं पाडलेली भोकं दिसत होती, आणि दुकानाच्या कडेला भिंतीकडं तोंड करून बसलेला शरणप्पांचा हमाल दिसत होता. तो कशासाठी बसला होता हेही स्पष्ट होतं. शरणप्पांनी फोटो उलटा केला. "आधीचाच बरा हाय," असं पुटपुटून तो घेऊन गेले, आणि जन्मभर तोच दुकानात टांगला. पण इरपण्णा समोरच्या अडत्याला मिळालेला आहे, हे मात्र ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

दुसरी गोष्ट एका मुलीची. लग्न ठरवायला फोटो पाठवायचा होता. मुलगी नाकीडोळी चांगली, पण अंगावर फुटका मणी नव्हता. बाप तोंड लपवत होता. इरपण्णानं एक जुनी घोंगडी काढली, कसर लागून चाळण झालेली. ती दूर दोरीवर उन्हाच्या आड टांगली आणि मुलीला पुढं उभं केलं. घोंगडीच्या भोकाभोकातून ऊन आलं आणि फोटोत मुलीच्या डोक्याभोवती बताशांची माळच्या माळ उमटली. मलाही तो फोटो हातातून खाली ठेववेना, खोटं कशाला सांगू? लग्न जमलं. आणि लगेच गावात कुजबुज सुरू झाली की इरपण्णा भानामती करतो, माणसाच्या पाठीमागचं काढून घेतो. आमच्या भागात भानामतीचं नाव निघालं की शहाणी माणसंही गप्प होतात. बायका त्याच्या दुकानावरून जाताना पदर पाठीवरून घट्ट ओढून घ्यायला लागल्या.

हे सगळं एक वेळ हसण्यावारी गेलं असतं. पण पुढं अमीनसाहेब त्याच्याकडं येऊन बसायला लागले, आणि हसणं संपलं.

अमीन म्हणजे आमच्या ठाण्याचे मोठे पोलीस अंमलदार. त्यांना स्वतःच्या फोटोचा भारी सोस. टोपी घालून, टोपी काढून, घोड्याजवळ, घोड्याविना, महिन्यात दोन-तीन फोटो तरी व्हायचेच. एकदा फोटो हातात धरून त्यांनी विचारलं, "इरप्पा, हमारे पीछू सब घूमता कायकू?"

"साहेब, तुम खडे रैते," इरपण्णा हात जोडून म्हणाला, "तो दुनिया घूमतीच ना."

अमीनसाहेब इतके खूश झाले की त्यांनी त्याला एक परवाना लिहून दिला. फोटोच्या कामासाठी तालुक्यात कुठंही जावं, कुणी अडवू नये. तेव्हापासून इरपण्णा सायकलच्या मागं पेटी बांधून खेड्यापाड्यांत हिंडायला लागला. दोन दोन दिवस दुकान बंद असायचं. तो नेमका कुणाचे फोटो काढायला जातो, हे त्याला विचारलं तर तोच उलट विचारायचा, "तुमाला कुणी विचारायला सांगितलं?"

गावानं अर्थ लावला, मीही लावला. गावातली काही पोरं तेव्हा निजामाविरुद्ध लढायला सरहद्द ओलांडून पलीकडच्या कॅम्पात गेली होती. मधूनच लपतछपत अलीकडं येत, कुठल्या तरी शेतात-वस्तीवर राहत. त्यांचा माग काढायला अमीनानं परवाना देऊन माणूस सोडलाय, हे शेंबड्या पोरालाही कळण्यासारखं आहे असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

आता भागाक्काचं सांगतो. तिच्या घरामागची खोली मी भाड्यानं घेतली होती. पुढच्या अंगाला तिची चुरमुरे-फुटाण्याची भट्टी. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग, बोलणं मोजकं. एकुलता एक मुलगा शंकर. त्यानं शाळेवर तिरंगी झेंडा लावला आणि त्याच दिवशी सरहद्दीपार गेला. त्याला सहा महिने होऊन गेले होते. रोज दुपारची डाक फोडून मी घरी आलो की भागाक्का भट्टीवरूनच विचारायची, "बाबू, काय न्हाय न्हवं?" मी नाही म्हणायचो, आणि ती पुन्हा वाळू ढवळायला लागायची. पोरगा जिवंत आहे की नाही, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. आणि असला तर तिच्यामुळं तो पकडला जाऊ नये, एवढीच तिला धास्ती होती.

एक दिवस इरपण्णा डाकखान्याच्या खिडकीशी आला. इकडंतिकडं बघून एक जाड पाकीट आत सरकवलं.

"टपालात टाकायचं न्हाय. भागाक्काच्या हातात द्यायचं. दुसऱ्या कुणाच्या न्हाय."

"तुम्हीच द्या की. रोज फुटाण्याला जाताच."

"माझ्यावर नजर हाय."

"आणि माझ्यावर विश्वास आहे तुमचा?"

"न्हाय," तो सरळ म्हणाला. "पर तुमी तिच्या घरात राहता."

तो वळला आणि चालता झाला. मी पाकीट घेतलं, वजन केलं, उजेडात धरलं, आणि दुपारी डाकखान्यात कुणी नसताना चहाच्या वाफेवर धरून उघडलं. आत शंकरचा फोटो होता. शंकर आहे हे पाहिल्याबरोबर कळलं, आणि तो कुठं उभा आहे ते मी शोधायला लागलो. पुसट मोहर वाचायला आमच्याकडं हातातलं भिंग असतं, ते लावून मी तासभर तो फोटो न्याहाळला. डाव्या बाजूला काळं, उभं काहीतरी होतं. ते खोड असेल, नाहीतर दाराची चौकट. खाली एक फिकट ढीग. तो कडब्याची गंज असेल किंवा नुसती माती. वर बताशे, म्हणजे पानं, म्हणजे झाड. सगळं त्याच्या कानामागून फिरत गेलेलं. गाव नाही, वस्ती नाही, काही म्हणजे काही लागेना.

मग मी डोकं चालवलं. इरपण्णाला शंकर कुठं आहे ते माहीत आहे. इरपण्णाकडं अमीन रोज बसतो. मग हा फोटो भागाक्काकडं पोचवायचा कशाला? उद्या झडती येणार, फोटो सापडणार आणि मायलेकांचा संबंध कागदावर येणार, म्हणून. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे कबूल करतो.

त्यातच त्या आठवड्यात अमीनांनी एक नवीन प्रकार सुरू केला होता. ज्यांची पोरं गेलीत त्या आयांना चावडीत बोलवायचं, तुळजापूरच्या देवीची परडी समोर ठेवायची आणि तिच्यावर हात ठेवून वदवायचं, "पोराला गेल्यापासून बघितलं न्हाय." जी शपथ घेईल ती घरी. जी अडखळेल तिच्या घराची झडती, आणि तिच्या भाऊबंदांच्या शेतावस्त्याही उलट्यापालट्या. अमीन परके असले तरी आमची माणसं बरोबर ओळखून होते. आमच्याकडची माणसं कागदावर वाटेल ते लिहून देतील, पण परडीवर हात ठेवून खोटं बोलणार नाहीत. भागाक्काचं बोलावणं दुसऱ्याच दिवसाचं होतं.

मी संध्याकाळच्या आत घरी आलो. भागाक्का भट्टीशी होती.

"भागाक्का, शंकरचा फोटो आलाय."

तिनं हात पदराला पुसले आणि पुढं केले.

"थांबा. इरपण्णानं दिलाय तो."

हात तिथंच राहिले. मी तिला सगळं समजावून सांगितलं. अमीन, परवाना, झडती. शेवटी म्हणालो, "आणि उद्या परडीवर हात ठेवायचाय. आज हा बघितलात तर उद्या 'बघितलं नाही' म्हणता येईल का तुम्हाला?"

एखादा वकील म्हणाला असता, फोटो बघणं म्हणजे माणूस बघणं नव्हे. पण आम्ही देवीचा टाक पाहिला की देवी पाहिली म्हणणारी माणसं. मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर आम्ही सणाला ताट वाढतो. तिला तसं वाटलं आणि मला, इंग्रजी चार बुकं शिकलेल्याला, त्याहून वेगळं काही वाटलं नाही. तिनं खरोखर डोळे मिटून घेतले.

"जित्ता हाय न्हवं?"

"आहे."

"आंगानं?"

"बरा आहे."

"हसतोय का?"

फोटो माझ्या हातातच होता. बघायला किती वेळ लागला असता? मी न बघताच म्हणालो, "हो. हसतोय."

"मग जाळा," ती म्हणाली. मिटल्या डोळ्यांनीच तिनं भट्टीच्या तोंडावरचं पत्र्याचं झाकण सारलं. मी फोटो आत टाकला. तो आधी वाकला आणि मग पेटला. पेटून राख होईपर्यंत ती तशीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी चावडीत तिनं परडीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात शपथ घेतली. अमीनांनी तिला जाऊ दिलं. मी दाराशी उभा होतो. मला वाटलं, आज मी दोन जीव वाचवले.

त्यानंतर इरपण्णा नेहमीसारखा फुटाण्याला आला. फुटाणे मागायचे सोडून तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. तिच्याकडून एखादा शब्द, एखादी नजर येईल, याची तो वाट बघत असावा. भागाक्कानं तोंड फिरवलं. "फुटाणे सरले," ती म्हणाली. सुपात ढीग पडला होता. इरपण्णानं त्या ढिगाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि सायकल घेऊन निघून गेला. तो पुन्हा भट्टीकडं फिरकला नाही.

काही महिन्यांनी राज्य बदललं. अमीन कुठं गेले, कधी गेले, कुणाला कळलंही नाही. पलीकडं गेलेली पोरं हार घालून, वाजतगाजत परत यायला लागली. भागाक्का रोज वेशीपर्यंत जाऊन यायची. शंकर आला नाही. त्याचा एक सोबती आला. तो म्हणाला, पावसाच्या दिवसांत कॅम्पात तापाची साथ होती, शंकर चार दिवसांत गेला. आणि जाता जाता सहज म्हणाला, "इरपण्णामामा नसते तर आमच्या घरच्यांना आमचं बरं-वाईट काय कळलं असतं? परवाना दाखवायचे, वस्तीवर यायचे. जागा ओळखू येऊ नये म्हणून दर वेळी मागचं सगळं पुसून फोटो काढायचे."

मी तिथंच उभा होतो. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. भागाक्का माझ्याकडं बघेल म्हणून मी वाट बघत राहिलो, पण तिनं बघितलं नाही.

शंकरचं दहावं-तेरावं झाल्यावर ती माझ्या खोलीच्या दाराशी आली. "बाबू, फोटोवाल्याकडं काच असती म्हणं. काचंवरनं दुसरा निघतो. तुमी चला संगं."

आम्ही गेलो. इरपण्णा दुकानात एकटाच होता. भागाक्कानं मागितलं. इरपण्णानं माझ्याकडं पाहिलं.

"बाबूंनी दिला न्हाय?"

"आमी जाळला," भागाक्का म्हणाली.

"कशापायी?"

खोटं बोलायची इच्छा झाली होती, लपवत नाही. पण म्हणालो, "मी सांगितलं म्हणून. तुम्ही अमीनाचे आहात असं मला वाटलं."

तो रागावेल, हात उगारेल, निदान शिवी तरी हासडेल असं मला वाटलं. तो खाली बसला. फळीवर काचांचे खोके एकावर एक लावलेले होते, त्यांच्याकडं बघत म्हणाला, "काच न्हाय अक्का. पाकीट दिलं त्याच दिवशी खरवडून टाकली. बाबू पाकीट उघडणार हे ठावं व्हतं मला. उघडणार, कुणाच्या तरी कानात सांगणार, आन् झडती हितंच येणार. समद्या गावाच्या काचा ठेवल्या म्या. त्या अडत्याच्या हमालाची बी ठेवली. तेवढी एक न्हाय ठेवली."

भागाक्का गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. रडत नव्हती.

"तुमी दोघांनी बघितलाय त्याला," ती म्हणाली. "म्या न्हाय बघितला. मला सांगा आता. बाबू, तुमी सांगा आधी."

मी तोंड उघडलं. डाव्या बाजूचं ते काळं उभं खोड मला आठवत होतं. खालचा फिकट ढीग आठवत होता. बताशे कुठून सुरू होऊन कुठं विरत होते, तेसुद्धा सांगता आलं असतं. तासभर भिंग लावून पाहिलेला तो फोटो, आणि शंकरचा चेहरा काही केल्या समोर येईना. "मागं झाड होतं," एवढं मी म्हणालो.

"आन् त्यो?"

ती इरपण्णाकडं वळली.

इरपण्णा जमिनीवरून सरकत तिच्या समोर आला. सांगायला लागला. केस कानावर आले होते. दाढी होती, पण हनुवटीवरच, गालाला विरळ. गालाची हाडं जरा वर आली होती. गळ्यात काळा दोरा होता, दोऱ्यात ताईत. सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं, म्हणून इरपण्णानं स्वतः कॉलर सारखी करून दिली होती. डाव्या भुवईत एक बारीक खोक होती.

"भट्टीचा पत्रा लागला व्हता, ल्हान असताना," भागाक्का म्हणाली. "आन् हसत व्हता न्हवं? बाबू म्हणले हसत व्हता."

इरपण्णानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या माणसाची नजर मला कधीच वाचता आली नव्हती, तेव्हाही आली नाही. मी खाली बघितलं.

"व्हय अक्का," तो म्हणाला. "म्या हसू नको म्हणलं, तरी हसला."

ते खरं होतं की त्यानं तिच्यासाठी, किंवा माझ्यासाठी, ते म्हटलं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. थोड्याच दिवसांत माझी बदली झाली आणि मुरुम सुटलं. पण त्या दुपारी मी दुकानाबाहेर पडून चपला शोधत होतो, तेव्हा आत ती विचारत होती, "दात दिसत व्हते का?"

"वरचे दोन," इरपण्णा सांगत होता.